पशुखाद्यालाही अन्न मानणारा कायदा आणि डॉ. हार्वे वायली

गोठ्यातल्या पेंडीला बुरशी लागली, तर त्याचा तुमच्या तब्येतीशी काय संबंध? अमेरिकेच्या अन्नकायद्यात जनावरांचे खाद्य १९०६ सालीच आले. त्या कायद्यासाठी झटलेल्या डॉक्टरांची ही ओळख.

हार्वे वायली यांचा जन्म १८४४ साली इंडियाना राज्यात, शेतकऱ्याच्या घरी झाला. १८७१ मध्ये ते डॉक्टर झाले. पण दवाखाना न थाटता रसायनशास्त्र शिकवू लागले. १८८३ मध्ये ते केंद्रीय कृषी खात्याचे मुख्य रसायनतज्ज्ञ झाले.

त्या काळी अन्न टिकवण्यासाठी त्यात बोरॅक्स, फॉर्मॅलिन घातले जाई. वायलींनी १९०२ पासून निरोगी तरुण स्वयंसेवकांना ही रसायने मोजून दिली आणि त्यांच्या तब्येतीवरचे परिणाम नोंदवले. आज असा प्रयोग कोणी मान्य करणार नाही, पण त्यामुळे लोक जागे झाले.

३० जून १९०६ रोजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी शुद्ध अन्न कायद्यावर सही केली. त्यात माणसांबरोबर इतर प्राण्यांचे खाणेही अन्न ठरले. त्यामुळे सडलेले, कुजलेले पशुखाद्य दुसऱ्या राज्यात विकायला पाठवले, तर सरकार न्यायालयामार्फत तो माल जप्त करू शकत होते. जनावर दगावण्याची वाट पाहावी लागत नव्हती. वायलींनी १९१२ मध्ये पद सोडले. ३० जून १९३० रोजी, कायद्याला बरोबर २४ वर्षे होताना, त्यांचे निधन झाले.

तुम्ही काय लक्षात ठेवाल?

१९६० मध्ये इंग्लंडमध्ये बुरशीच्या शेंगदाणा पेंडीमुळे एक लाखाहून जास्त टर्की पक्षी मेले. त्यातूनच अफ्लाटॉक्सिन या विषाचा शोध लागला. दुभत्या जनावराने असे खाद्य खाल्ले, की विषाचा अंश दुधात उतरतो आणि दूध उकळूनही तो जात नाही. हे विष दीर्घकाळ पोटात गेले तर यकृताच्या कर्करोगाचा धोका वाढतो; हिपॅटायटिस बी असलेल्यांना तो अधिक असतो.

भारताच्या २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यातील अन्नाच्या व्याख्येत पशुखाद्य येत नाही. दुधातील या विषाची मर्यादा मात्र ठरलेली आहे.

म्हणून घाबरून दूध बंद करू नका. घरी गाय-म्हैस असेल तर पेंड कोरड्या जागी, जमिनीपासून उंचावर ठेवा. बुरशी लागलेली पेंड उन्हात वाळवून किंवा चांगल्या पेंडीत मिसळून घालू नका. ती टाकूनच द्या.