सॅमनच्या खवल्यांचा वाचक

प्रशांत महासागरात वाढलेला सॅमन मासा अंडी घालण्यासाठी नदीत परततो आणि वीण आटोपली की मरतो. साहजिकच, एका हंगामात किती मासे नदीत पोहोचले यावर पुढच्या पिढीचे भवितव्य ठरते. ही गणती शास्त्रीय पायावर उभी करणाऱ्यांत अमेरिकी मत्स्यशास्त्रज्ञ चार्ल्स हेन्री गिल्बर्ट यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते.

गिल्बर्ट यांचा जन्म ५ डिसेंबर १८५९ रोजी इलिनॉय राज्यातील रॉकफर्ड येथे झाला. शालेय वयातच त्यांना डेव्हिड स्टार जॉर्डन यांच्यासारखा गुरू लाभला. १८८० मध्ये या गुरुशिष्यांनी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील माशांची पाहणी केली. १८८३ मध्ये इंडियाना विद्यापीठाची पहिली डॉक्टरेट गिल्बर्ट यांना मिळाली. १८९१ मध्ये ते नव्याने सुरू झालेल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात प्राणिशास्त्राचे प्राध्यापक झाले.

सॅमन समुद्रात फार दूर जात नाही आणि जवळ सापडेल त्या नदीत शिरतो, असा जॉर्डन यांचा तर्क होता. गिल्बर्ट यांनी त्याचे उत्तर माशाच्या खवल्यांत शोधले. खवल्यावर झाडाच्या बुंध्याप्रमाणे वलये उमटतात. उन्हाळ्यात ती विरळ असतात, हिवाळ्यात दाट. त्यांवरून माशाचे वय आणि नदीत व समुद्रात काढलेली वर्षे कळतात, हे त्यांनी १९१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवले. निरनिराळ्या नद्यांतील माशांच्या खवल्यांची ठेवणही वेगळी आढळली. मासा आपल्या जन्मनदीकडेच परततो, या मताला त्यामुळे बळ मिळाले. गुरूचा तर्क शिष्याने नम्रपणे, पण पुराव्यानिशी मागे सारला.

या निष्कर्षाचा अर्थ गंभीर होता. एखादी नदी रिकामी झाली तर शेजारच्या नदीचे मासे तिची उणीव भरून काढणार नव्हते. अलास्कातील कोडियाक बेटावरच्या कर्लुक नदीकाठी १८८२ पासून डबाबंद माशांचे कारखाने चालू होते आणि जाळ्यांना धरबंध नव्हता. १९२१ मध्ये या नदीच्या पात्रात आडवे कुंपण घालण्यात आले आणि त्याच्या दारातून वर जाणारे मासे मोजले जाऊ लागले. किती पकडले याच्या जोडीला किती वाचले, हा आकडाही आता हाती आला. १९२४ मध्ये अमेरिकी काँग्रेसने अलास्कासाठी कायदा करून येणाऱ्या माशांपैकी किमान निम्मे वीणस्थळी पोहोचू देण्याचे तत्त्व स्वीकारले.

निम्म्याचा हा नियम पुढे ढोबळ ठरला. प्रत्येक नदीची गरज वेगळी असल्याचे दिसून आले आणि आता नदीनिहाय उद्दिष्टे ठरवली जातात. कुंपणांच्या जोडीला निरीक्षण मनोरे आणि ध्वनिलहरींची यंत्रेही आली. १९२७ मध्ये विलिस रिच यांच्यासह गिल्बर्ट यांनी कर्लुकवरील संशोधन प्रसिद्ध केले आणि १९२८ मध्ये त्यांचे निधन झाले. निसर्गाकडून किती घ्यावे, हे ठरवण्याआधी त्याच्याकडे किती उरले ते मोजावे, हा त्यांनी घालून दिलेला धडा आजही तितकाच मोलाचा आहे.