वसंत रामजी खानोलकर

डॉ. वसंत रामजी खानोलकर (१३ एप्रिल १८९५ – २९ ऑक्टोबर १९७८) हे भारतीय विकृतिशास्त्रज्ञ व कर्करोग संशोधक होते. भारतातील विकृतिशास्त्राचे व वैद्यकीय संशोधनाचे जनक असा त्यांचा उल्लेख केला जातो.

गोमंतक मराठा समाजातील कुटुंबात त्यांचा जन्म झाला. १९२३ मध्ये लंडन विद्यापीठाची विकृतिशास्त्रातील एम.डी. पदवी मिळवून ते मायदेशी परतले. मुंबईतील ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात व सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी अध्यापन केले. १९४१ मध्ये परळ येथे टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले, तेव्हा तेथील प्रयोगशाळांचे संचालकपद त्यांच्याकडे आले.

या पदाचे महत्त्व सहसा लक्षात येत नाही. रुग्णाच्या स्मरणात शल्यचिकित्सक राहतो, प्रयोगशाळेतील माणूस त्याला दिसतही नाही. परंतु काढलेली गाठ साधी की कर्करोगाची, तिची प्रत कोणती, कापलेल्या कडेपर्यंत रोगट पेशी पोहोचल्या आहेत काय, हे विकृतिशास्त्रज्ञच सूक्ष्मदर्शकाखाली पाहून ठरवतो. स्नायू, चरबी अशा मृदू ऊतींत होणाऱ्या सार्कोमाच्या बाबतीत तर पुढील देखरेख बऱ्याच अंशी याच अहवालावर अवलंबून असते. असा रोग मूळ जागी उलटू शकतो किंवा फुप्फुसात पसरू शकतो. म्हणून पहिली दोन-तीन वर्षे साधारणतः दर तीन-चार महिन्यांनी, नंतर अधिक अंतराने, शस्त्रक्रियेची जागा व छाती तपासली जाते. सातारा-सांगलीकडून परळला जाणाऱ्या रुग्णाला जखम भरल्यावरही ही वारी का चुकवता येत नाही, याचे उत्तर त्या अहवालात असते.

रोगाची कारणे रुग्णाच्या राहणीत शोधणे हा खानोलकरांच्या संशोधनाचा विशेष होय. धोतराची गाठ कमरेला वर्षानुवर्षे एकाच जागी घट्ट बसते. घर्षणाने तेथील त्वचा जाड होते, व्रण पडतो आणि क्वचित त्याचे कर्करोगात रूपांतर होते. या 'धोतर कर्करोगा'चे व खालच्या ओठाआड तंबाखू-चुना धरल्याने होणाऱ्या 'खैनी कर्करोगा'चे वर्णन १९४५ मध्ये त्यांनी सहकाऱ्यासह प्रसिद्ध केले. ज्या मुलखात धोतर आणि तंबाखूची चंची ही पुरुषाची रोजची साथ होती, तेथील वाचकाला हे संशोधन परके वाटू नये. कुष्ठरोग व रक्तगट या विषयांवरही त्यांनी काम केले.

१९४९ मध्ये स्थापन झालेल्या विकृतिशास्त्रज्ञांच्या अखिल भारतीय संघटनेचे ते पहिले अध्यक्ष होते. १९५२ मध्ये सुरू झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे ते पहिले संचालक झाले. पेशीजीवशास्त्रज्ञ डॉ. कमल रणदिवे यांनी त्यांच्याच मार्गदर्शनाखाली डॉक्टरेट मिळवली होती. पुढे याच केंद्रात त्यांनी ऊती-संवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. १९६० ते १९६३ या काळात खानोलकर मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. पद्मभूषण व राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक हे सन्मान त्यांना लाभले. त्यांचे संशोधन केंद्र १९६६ मध्ये रुग्णालयाशी जोडले जाऊन टाटा मेमोरियल सेंटरचा भाग बनले; आज त्याचे काम नवी मुंबईत खारघर येथे चालते.