किनाऱ्यावरची ‘ती’ कोण?

कच्च्या पापडाचं आणि पक्क्या पापडाचं ते वाक्य भराभर पाच वेळा म्हणताना तुमची जीभ कधी घसरलीय? घसरली असणारच! इंग्रजीतही असाच एक फेमस टंग ट्विस्टर आहे. समुद्रकिनाऱ्यावर शिंपले विकणाऱ्या मुलीचा. शाळेच्या गॅदरिंगमध्ये नाहीतर स्पोकन इंग्लिशच्या क्लासमध्ये तो तुमच्याही वाट्याला आला असेल. त्यातली सगळी गंमत ‘स’ आणि ‘श’ची. ‘स’ म्हणताना जिभेचं टोक दातांजवळ असतं, ‘श’साठी जीभ जराशी मागे सरकते. हे दोन्ही आवाज आलटूनपालटून यायला लागले आणि स्पीड वाढला, की जिभेचा ताल चुकतो आणि अख्खा ग्रुप हसत सुटतो.

या हसण्याच्या नादात एक प्रश्न विचारायचा राहून जातो. शिंपले विकणारी ती मुलगी कोण? तिला त्यात नावच नाही. नुसतीच ‘ती’.

हे शब्द १९०८ मधल्या टेरी सलिव्हनच्या एका गाण्यामुळे गाजले. ते गाणं मेरी ॲनिंगवर बेतलेलं आहे, असं अनेकजण छातीठोकपणे सांगतात. त्याला पक्का पुरावा नाही. पण त्या निमित्ताने मेरीची गोष्ट ऐकाच, कारण नावाशिवायची ‘ती’ असणं म्हणजे काय, हे तिच्याइतकं क्वचितच कुणी भोगलं असेल.

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर डॉर्सेट परगण्यात लाइम रेजिस नावाचं छोटं गाव आहे. तिथे २१ मे १७९९ रोजी मेरीचा जन्म झाला. वडील रिचर्ड सुतारकाम करायचे. घरात दहाएक मुलं जन्मली, पण जगली दोनच: थोरला जोसेफ आणि मेरी. मेरीसुद्धा वाचली ती नशिबानेच. ती सव्वा वर्षाची असताना एका बाईने तिला कडेवर घेतलं होतं. पाऊस आला म्हणून त्या बाईसह तिघीजणी झाडाखाली थांबल्या आणि झाडावर वीज कोसळली. तिघीही गेल्या. मेरी तेवढी वाचली.

गावाला लागूनच चुनखडी आणि शेल खडकाचे उंच कडे आहेत. सुमारे २० कोटी वर्षांपूर्वी इथे समुद्राचा तळ होता. पावसाळी हिवाळ्यात दरडी कोसळल्या, की आतून जीवाश्म बाहेर पडायचे. त्यात सगळ्यात जास्त मिळायचे गुंडाळी घातलेल्या शिंपल्याचे ॲमोनाइट. देवघरातला शाळिग्राम फुटल्यावर आत जे चक्र दिसतं ना, तो याच कुळातला प्राणी! रिचर्ड फावल्या वेळात असे दगड गोळा करायचे आणि हवापालटासाठी येणाऱ्या पाहुण्यांना विकायचे. पोरांनाही त्यांनी ते शिकवलं.

१८१० मध्ये वडील वारले. मागे उरलं कर्ज. मेरी तेव्हा ११ वर्षांची होती. त्यामुळे दगड शोधणं हा तिचा छंद वगैरे नव्हता, घर त्यावर चालायचं. भरती यायच्या आत शोधायचं, नाहीतर समुद्र सगळं घेऊन जाणार. आणि जिथे दरड नुकतीच कोसळली असेल तिथेच माल मिळणार, म्हणजे जिवावरचं काम. पुढे १८३३ मध्ये अशाच एका दरडीखाली तिचा लाडका कुत्रा ट्रे गाडला गेला. ती स्वतः थोडक्यात बचावली.

१८११ मध्ये जोसेफला चार फुटी कवटी सापडली. काही महिन्यांनी मेरीने उरलेला सांगाडा शोधून काढला. लोकांना ती मगर वाटली. पण तो होता इक्थिओसॉर, म्हणजे डायनोसॉरच्या काळातला समुद्री सरपटणारा प्राणी. हा सांगाडा २३ पौंडांना विकला गेला.

शाळा म्हणाल तर चर्चच्या रविवारच्या वर्गात लिहा-वाचायला शिकली, तेवढीच. बाकी सगळा सेल्फ स्टडी. शास्त्रज्ञांचे पेपर मिळवून ती आकृत्यांसकट हाताने उतरवून काढायची. जीवाश्म समजावेत म्हणून आजचे मासे आणि माकुळं कापून बघायची. इक्थिओसॉरच्या पोटाच्या जागी मिळणाऱ्या विचित्र दगडांत माशांची हाडं आणि खवले असतात, हे तिच्या लक्षात आलं. ती चक्क प्राण्यांची शी होती! या निरीक्षणाच्या आधाराने विल्यम बकलंड यांनी त्यांना कॉप्रोलाइट हे नाव दिलं. त्या दगडांवरून कोण कुणाला खात होतं, हे कळू लागलं.

१८२३ च्या डिसेंबरमध्ये तिने लांबलचक मानेचा प्लेसिओसॉर अख्खा शोधून काढला. पॅरिसचे जॉर्ज क्युव्हिए म्हणजे त्या काळचे या विषयातले शेवटचा शब्द. त्यांना ती मान बघून हा बनावट नमुना असल्याचा संशय आला. जरा विचार करा, हा आरोप खरा ठरला असता तर मेरीचा धंदाच बसला असता. लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीत त्यावर चर्चा झाली. नमुना अस्सल निघाला आणि क्युव्हिएंना आपली चूक मान्य करावी लागली.

आणि मेरी? ती त्या सभेत नव्हतीच. बायकांना सोसायटीत प्रवेशच नव्हता. विल्यम कॉनिबेअर यांनी १८२४ मध्ये या प्राण्यावर पेपर वाचला, त्यात तिचं नावसुद्धा नव्हतं. ग्रुप प्रोजेक्टमध्ये रात्र रात्र जागून काम करणाऱ्याचं नाव पीपीटीच्या पहिल्या स्लाइडवर नसतं ना, तसंच!

१८२६ मध्ये तिने साठवलेल्या पैशांतून घर घेतलं आणि दर्शनी भागात काचेच्या खिडकीचं दुकान थाटलं. १८२८ मध्ये तिला उडणाऱ्या टेरोसॉरचा सांगाडा मिळाला, जर्मनीबाहेर सापडलेला पहिलाच. मोठमोठे शास्त्रज्ञ तिच्यासोबत किनारा धुंडाळायला यायचे. १८४४ मध्ये सॅक्सनीचा राजाही दुकानात येऊन गेला. तरी पैशांची ओढाताण संपली नाही. एका गुंतवणुकीत पुंजी बुडाली, तेव्हा बकलंड यांच्या खटपटीने १८३५ पासून वर्षाला २५ पौंडांची पेन्शन मिळू लागली.

सगळेच तिला विसरले होते असं नाही. तिच्या मदतीसाठी हेन्री डे ला बेश यांनी तिच्या जीवाश्मांवरून प्राचीन समुद्राचं चित्र काढलं आणि त्याच्या प्रतींचे पैसे तिला दिले. लुई अगासी यांनी दोन जीवाश्म माशांना तिचं नाव दिलं. ९ मार्च १८४७ रोजी, वयाच्या ४७व्या वर्षी, स्तनाच्या कर्करोगाने ती गेली. ज्या सोसायटीचं दार तिला बंद होतं, तिथे अध्यक्ष डे ला बेश यांनी तिला श्रद्धांजली वाहिली. त्या सोसायटीने महिलांना सदस्य करून घेतलं ते मात्र थेट १९१९ मध्ये!

आता लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये तिचे जीवाश्म बघायला गर्दी होते. लाइम रेजिसमध्ये २०२२ च्या २१ मे रोजी, म्हणजे तिच्या वाढदिवशी, तिचा पुतळा उभा राहिला. सोबत ट्रेसुद्धा आहे. त्यासाठीची मोहीम सुरू केली होती एका शाळकरी मुलीने. आपल्या भागातल्या एवढ्या मोठ्या संशोधिकेचा पुतळा कसा नाही, हा तिचा साधा प्रश्न होता.

तेव्हा पुढच्या वेळी मित्रमैत्रिणींमध्ये तो टंग ट्विस्टर रंगला, की जीभ खुशाल घसरू द्या. हसून झालं की मात्र ‘ती’ कोण असू शकते, ते सांगा. आणि हो, पुढच्या प्रोजेक्टची पहिली स्लाइड करताना कुणाचं नाव राहिलं नाही ना, तेवढं एकदा बघून घ्या.