ओळख थोरांची : छायाचित्रकार राजा दीनदयाळ



मागच्या स्नेहसंमेलनात आपण मोबाईलवर शेकडो फोटो काढले. भित्तिपत्रकासाठी निवडायला बसलो, तर बक्षीस घेणाऱ्या मुलीचा चेहरा एकाही फोटोत नाही! सगळीकडे पाहुण्यांची पाठ. समारंभ तर पुन्हा होत नाही. म्हणून या अंकात आम्ही समारंभांचे फोटो काढण्यात नाव कमावलेल्या एका कलावंताची ओळख करून देत आहोत. त्यांनी कॅमेरा प्रथम हाती घेतला तो आपल्या इंदुरातच.

लाला दीनदयाळ यांचा जन्म १८४४ साली मेरठजवळच्या सरधना गावी एका जैन कुटुंबात झाला. रुडकीच्या थॉमसन कॉलेजात त्यांनी अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले आणि १८६६ साली ते इंदूरला बांधकाम खात्यात नोकरीस लागले. नकाशे काढणे आणि खर्चाचा अंदाज करणे हे त्यांचे काम. १८७४ च्या सुमारास त्यांना फोटोग्राफीचा छंद लागला. महाराज तुकोजीराव होळकर (दुसरे) यांनी उत्तेजन दिले व सर हेन्री डेली यांच्याशी ओळख करून दिली. डेली कॉलेजला ज्यांचे नाव आहे, तेच हे डेली. पुढे १८७५-७६ साली प्रिन्स ऑफ वेल्स भारतात आले, त्या दौऱ्याचे फोटो दीनदयाळांनी काढले.

तेव्हा फोटो काढणे सोपे नव्हते. काचेवर रसायनाचा थर द्यायचा, ती ओली असतानाच कॅमेऱ्यात बसवायची आणि वाळण्यापूर्वी काळोख्या तंबूत नेऊन धुवायची. म्हणजे तंबू, बाटल्या, पाणी, तिवई आणि जड काचा असा सगळा संसार बरोबर न्यावा लागे. १८८० नंतर तयार कोरड्या काचा मिळू लागल्या, तरी एका काचेवर फोटो एकच. जेवढी काच, तेवढाच सहसा फोटो. त्यामुळे दहा फोटो काढू आणि एक निवडू, ही सोयच नव्हती. जे ठरवायचे ते आधी ठरवावे लागे.

त्यांचे समूहफोटो पाहिले की ही तयारी दिसते. कोणी खाली बसलेले, कोणी खुर्चीवर, कोणी मागे पायरीवर उभे. चेहरा सहसा कोणाचा झाकलेला नाही. नकाशे काढणाऱ्याची नजर इथे कामी आली.

१८८२ साली सर लेपेल ग्रिफिन यांच्याबरोबर ते बुंदेलखंडात फिरले. मध्य भारतातील प्रसिद्ध वास्तूंवर ग्रिफिन यांनी लिहिलेल्या १८८६ च्या ग्रंथात त्यांचे फोटो आहेत. पुढे नोकरी सोडून ते हैदराबादच्या निजामांचे छायाचित्रकार झाले. सिकंदराबादला त्यांनी स्टुडिओ काढला. पडद्यातील स्त्रियांना संकोच वाटू नये म्हणून १८९२ साली हैदराबादेत त्यांच्यासाठी वेगळा स्टुडिओ उघडला व फोटो काढायला बाईच नेमली. १८९४ साली निजामांनी त्यांना 'राजा' हा किताब दिला. १८९६ साली मुंबईतही स्टुडिओ निघाला.

लॉर्ड कर्झन यांची शिकार आणि १९०३ चा दिल्ली दरबार असे थाटाचे प्रसंग त्यांनी टिपले, तशीच निजामांच्या राज्यातील औरंगाबाद भागातली दुष्काळी कामेही टिपली. ५ जुलै १९०५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

त्यांच्या काचांवर क्रमांक घातलेले असत. त्यांतील २,८०० हून अधिक काचा १९८९ साली दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राकडे आल्या. २००६ साली त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीटही निघाले.

आपल्या कार्यालयात जुन्या शिक्षकांचा एक फोटो आहे. चेहरे स्वच्छ आहेत, पण मागे नावे नाहीत. ओळखणारे आता कोणी उरले नाही. यंदा आपण असे होऊ देऊ नये. कार्यक्रमपत्रिका आधी वाचावी. आदल्या दिवशी मंचासमोर उभे राहून जागा व उजेड पाहावा. बॅटरी भरून ठेवावी. बक्षीस देणारे व घेणारे दोघेही दिसतील अशा बाजूला उभे राहावे. आणि त्याच रात्री प्रत्येक फोटोची तारीख व नावे वहीत लिहावीत. तसे झाले तर पुढच्या मुलांना आपण कोण होतो, हे विचारत बसावे लागणार नाही.