स्वामी कुवलयानंद

स्वामी कुवलयानंद (मूळ नाव: जगन्नाथ गणेश गुणे, जन्म: ३० ऑगस्ट १८८३, डभोई, गुजरात, मृत्यू: १८ एप्रिल १९६६) हे योगाचे अभ्यासक, शिक्षक आणि पुणे जिल्ह्यातील मावळ तालुक्यात लोणावळा येथे असलेल्या कैवल्यधाम या संस्थेचे संस्थापक होते. योगक्रियांचा शरीरावरील परिणाम क्ष-किरण चित्रे आणि दाबमापक यांच्या साहाय्याने तपासणाऱ्या पहिल्या अभ्यासकांत त्यांची गणना होते.

पूर्वायुष्य

त्यांचे वडील गणेश लक्ष्मण गुणे शिक्षक होते. घरची परिस्थिती बेताची होती. १९०३ साली मॅट्रिकच्या परीक्षेत त्यांना संस्कृतसाठीची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळाली. पुढे बडोदा कॉलेजातून ते पदवीधर झाले. बडोद्यातच जुम्मादादा व्यायामशाळेत राजरत्न माणिकराव यांच्याकडे त्यांनी देशी व्यायामाचे शिक्षण घेतले. अरविंद घोष आणि लोकमान्य टिळक यांच्या विचारांचा प्रभाव त्या पिढीतील अनेक तरुणांप्रमाणे त्यांच्यावरही होता. खानदेशात अमळनेर येथील राष्ट्रीय महाविद्यालयाचे ते प्राचार्य झाले. १९२० च्या सुमारास ते महाविद्यालय बंद पडले.

याच काळात नर्मदाकाठच्या मालसर येथे परमहंस माधवदासजी यांची आणि त्यांची भेट झाली. माधवदासजींकडून त्यांना योगाची दीक्षा मिळाली. गुरूवर त्यांची निष्ठा होती, परंतु गुरूने सांगितलेले सर्व काही न तपासता स्वीकारावे असे त्यांना वाटत नव्हते. पुढील सर्व कार्याचे बीज या दुहेरी वृत्तीत आहे.

प्रयोग

१९२०-२१ च्या सुमारास बडोद्याच्या रुग्णालयात त्यांनी आपल्या काही विद्यार्थ्यांना घेऊन उड्डियान बंध आणि नौली या क्रियांवर प्रयोग केले. उड्डियानात श्वास पूर्ण बाहेर टाकून, तो रोखून, बरगड्या फुलवल्या जातात. त्यामुळे श्वासपटल वर उचलले जाते आणि पोट आत ओढले जाते. नौलीत त्याच स्थितीत पोटाचे मधले उभे स्नायू आवळून पुढे काढले जातात. बाहेरून दिसणारे हे दृश्य सर्वांना ठाऊक होते. आत नेमके काय घडते, याविषयी मात्र ग्रंथांतील वर्णने आणि साधकांचा अनुभव यांपलीकडे आधार नव्हता.

क्ष-किरणांमुळे आतील हालचाल पाहणे शक्य झाले. तथापि असे चित्र स्वतःहून फारसे बोलत नाही. जठर व आतडी मऊ असल्याने ती क्ष-किरणांत स्पष्ट उमटत नाहीत. बेरियमसारखा पदार्थ पोटात गेला म्हणजे त्यांची सावली पडते. शिवाय क्रियेच्या वेळचे एकच चित्र पाहून श्वासपटल किती वर गेले हे सांगता येत नाही. त्यासाठी त्याच व्यक्तीचे विश्रांतीतील चित्र आधी हाती असावे लागते आणि दोन्ही चित्रे शरीराच्या त्याच ठेवणीत घ्यावी लागतात. मूळ स्थितीची नोंद नसेल, तर यंत्राचा दोष, माणसाची जन्मजात ठेवण आणि क्रियेचा परिणाम ही तिन्ही एकमेकांत मिसळून जातात.

दाबाच्या मोजमापालाही हेच लागू होते. कुवलयानंदांनी पाऱ्याचा मॅनोमीटर वापरला. त्याच्या वाकड्या नळीची दोन्ही तोंडे हवेत उघडी असताना पारा दोन्ही बाजूंना समपातळीत राहतो. हेच शून्य, म्हणजे बाहेरील हवेचा दाब. एक बाजू रबरी नळीने मोठ्या आतड्याशी जोडली की पाऱ्याच्या पातळीतील फरक आतला दाब दाखवतो. नौली चालू असताना आतड्यातील दाब बाहेरील हवेच्या दाबापेक्षा खाली जातो, असे त्यांना आढळले. या अंशतः निर्वाताला त्यांनी गुरूच्या स्मरणार्थ माधवदास व्हॅक्यूम असे नाव दिले.

या निष्कर्षाने एक जुना प्रश्न सुटला. बस्ती या क्रियेत साधक पाण्यात बसून गुदमार्गाने पाणी आत घेतो. ते वर कसे चढते, याचे परंपरेतील उत्तर वायूवरील ताब्यावर आधारलेले होते. मोजमापाने दिलेले उत्तर साधे होते: आतला दाब कमी झाला, म्हणून बाहेरच्या हवेने पाणी आत ढकलले. त्यामुळे क्रियेचे महत्त्व घटले नाही, तिचे स्पष्टीकरण तेवढे बदलले.

प्राणायामाच्या बाबतीत तर मोजमाप लोकप्रिय समजुतीच्याच विरुद्ध गेले. प्राणायामाने शरीराला जादा प्राणवायू मिळतो, असे सर्रास सांगितले जाई, आजही सांगितले जाते. कुवलयानंदांनी हा दावा मान्य केला नाही. प्राणायामाचे मोल त्यांनी मज्जासंस्थेवरील परिणामात शोधले. लोणावळ्यात योग शिकलेले येल विद्यापीठाचे के. टी. बेहनन यांनी स्वतःवर केलेल्या प्रयोगांत मात्र उज्जायीच्या वेळी प्राणवायूचा वापर २४.५ टक्क्यांनी वाढलेला आढळला. असे निष्कर्ष शेजारी ठेवताना तुलनेसाठी कोणता साधा श्वास धरला आहे, हे आधी पाहावे लागते.

या प्रयोगांच्या मर्यादाही उघड आहेत. प्रयोगातील व्यक्ती थोड्या होत्या आणि त्या बहुधा प्रशिक्षित शिष्यच होत्या. आजच्या संशोधनात अपेक्षित असलेला तुलना-गट त्यांत नव्हता.

कैवल्यधाम

१९२४ साली कुवलयानंदांनी लोणावळ्यात कैवल्यधामची स्थापना केली आणि त्याच वर्षी योगमीमांसा हे इंग्रजी नियतकालिक सुरू केले. प्रयोगांची वर्णने त्यात प्रसिद्ध होत, म्हणजे ती इतरांना पडताळून पाहता येत. बोरघाटाच्या माथ्यावरचे लोणावळे मुंबई-पुणे लोहमार्गावर असल्याने दोन्ही शहरांतून तेथे येणे सोयीचे होते. महात्मा गांधींनीही प्रकृतीविषयी कुवलयानंदांचा सल्ला घेतला होता. १९३० च्या दशकात मुंबईत संस्थेचे आरोग्यकेंद्र सुरू झाले.

आसने आणि प्राणायाम यांवरील त्यांची पुस्तके मूळ इंग्रजीत असून ती अनेक ठिकाणी अभ्यासली गेली. गोरक्षशतकाचे संपादन त्यांनी स. अ. शुक्ल यांच्यासह केले. शाळांतील शारीरिक शिक्षणात योगाला स्थान मिळावे, यासाठी मुंबई प्रांतात त्यांनी दीर्घकाळ काम केले. १९५१ साली लोणावळ्यात गोवर्धनदास सेक्सरिया योग महाविद्यालय सुरू झाले. आयुष्याच्या अखेरच्या काळात तेथे योगोपचाराचे रुग्णालयही उभे राहिले. त्यांच्यानंतर संस्थेची धुरा त्यांचे शिष्य स्वामी दिगंबरजी यांनी सांभाळली.