देवळालीचे कापरेकर मास्तर

नाशिकजवळच्या देवळालीत १९३० ते १९६२ या काळात दत्तात्रय रामचंद्र कापरेकर नावाचे एक शिक्षक होते. आज जगातील गणिताच्या पुस्तकांत त्यांचे नाव आढळते.

त्यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. ते आठ वर्षांचे असताना आई वारली. वडील कारकून होते. त्यांना ज्योतिषाचा नाद होता, त्यामुळे घरात आकडेमोड चालत असे. ठाण्याच्या शाळेत असताना कापरेकर कोडी सोडवण्यात तासन् तास घालवत. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात असताना १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे पारितोषिक मिळाले. १९२९ मध्ये ते पदवीधर झाले आणि पुढे शिक्षक झाले.

त्यांचा सर्वांत प्रसिद्ध शोध ६१७४ या संख्येचा. १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी तो मांडला. तो समजायला साधी वजाबाकी पुरे.

चार अंकी संख्या घ्या. चारही अंक सारखे नसावेत, कारण मग शून्यच उरते. अंक आधी मोठ्याकडून लहानाकडे मांडा, मग लहानाकडून मोठ्याकडे, आणि मोठ्या संख्येतून लहान वजा करा. (उर्दू आपण उजवीकडून लिहितो, पण संख्या डावीकडूनच, हे विसरू नका.) अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावाचा कायापालट १९८९ पासून सुरू झाला. तेच साल घेऊ.

९९८१ − १८९९ = ८०८२
८८२० − ०२८८ = ८५३२
८५३२ − २३५८ = ६१७४

पुढे ७६४१ − १४६७ = ६१७४. आता संख्या बदलतच नाही! कोणतीही संख्या घ्या, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येते. मध्ये तीनच अंक आले तर आधी शून्य लिहावे.

दहा उदाहरणे जुळली म्हणजे नियम सिद्ध झाला असे नाही. तो कोठे लागू होतो आणि कोठे नाही, हेही सांगावे लागते. तीन अंकी संख्या ४९५ वर थांबतात. दोन अंकी मात्र थांबत नाहीत. ६३, २७, ४५, ०९, ८१ या फेऱ्यात फिरत राहतात.

कापरेकरांनी संख्यांना गमतीची नावे दिली. ८४ च्या अंकांची बेरीज १२, आणि १२ ने ८४ ला पूर्ण भाग जातो. अशी संख्या हर्षद, म्हणजे खुशी देणारी. १२१, १२३२१ यांसारख्या संख्या त्यांना डोंबिवली स्थानकावर सुचल्या. त्या स्थानकाच्या जुन्या नावावरून त्या डेम्लो संख्या झाल्या.

मोठमोठ्या गणितज्ञांना हा पोरखेळ वाटे. काही जण हसत. माझ्या मते त्यांनी एकदा कागद-पेन्सिल घेऊन बसायला हवे होते. कापरेकर मात्र पदरचे पैसे घालून पुस्तिका छापत राहिले. निवृत्तीनंतर पेन्शन पुरेना, म्हणून ते शिकवण्या करीत.

१९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेच्या ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात त्यांच्या कामावर लिहिले आणि त्यांचे नाव जगभर गेले. तेव्हा ते सत्तर वर्षांचे होते. १९८६ मध्ये देवळालीत त्यांचे निधन झाले.