डॉ. सुझान नोएल : पापण्यांची शस्त्रक्रिया आणि ती करणाऱ्या डॉक्टरचे आयुष्य

डोळ्यांवर उतरलेली सैल कातडी काढून टाकता येते का, हा प्रश्न दवाखान्यात बहुतेक वेळा सगळ्यात शेवटी येतो. बीपी तपासून झाले, शुगरच्या गोळ्या लिहून झाल्या, की पेशंट दाराशी थांबून जरा लाजतच विचारतो. विचारणाऱ्या बहुधा पन्नाशीच्या पुढच्या बायका असतात, हल्ली पुरुषही असतात. सोबत आलेली मुलगी किंवा सून हसते आणि विषय तिथेच संपतो. मीही बरीच वर्षे तो हसण्यावारी नेत असे.

एका पेशंटमुळे ते बदलले. कपड्यांच्या दुकानात काउंटरवर उभ्या राहणाऱ्या एक बाई, रोज संध्याकाळी कपाळ दुखते म्हणून माझ्याकडे येत होत्या. चष्म्याचा नंबर, बीपी, सायनस, सगळे तपासून झाले. खरे कारण असे होते की वरच्या पापणीची कातडी खाली आल्यामुळे समोरचे नीट दिसावे म्हणून त्या दिवसभर भुवया वर उचलून धरत होत्या. कपाळाचे स्नायू संध्याकाळपर्यंत थकून जात. पापण्यांबद्दल त्यांनी मला दोनदा विचारले होते आणि मी वयाचे कारण सांगून सोडून दिले होते. त्यानंतर मी या शस्त्रक्रियेबद्दल वाचायला घेतले, आणि त्या वाचनात पॅरिसच्या डॉ. सुझान नोएल यांची ओळख झाली. सौंदर्यशस्त्रक्रिया करणाऱ्या जगातल्या पहिल्या स्त्री डॉक्टरांमध्ये त्यांचे नाव घेतले जाते.

घर, लग्न आणि मग कॉलेज

नोएल यांचा जन्म १९ जानेवारी १८७८ रोजी उत्तर फ्रान्समधल्या लां या गावी झाला. माहेरचे आडनाव ग्रो. घर सुखवस्तू होते आणि अशा घरातल्या मुलींचे लग्न तेव्हा वेळेवर लावून दिले जाई. त्यांचेही एकोणिसाव्या वर्षी, १८९७ मध्ये, आंरी पेर्ता या त्वचारोगतज्ज्ञाशी लग्न झाले. वैद्यकीय शिक्षण त्यांनी लग्नानंतर, पंचविशी उलटल्यावर सुरू केले. नवऱ्याच्या संमतीशिवाय विवाहित स्त्रीने व्यवसाय करू नये, असा त्या काळी फ्रान्सचा कायदा होता. तो पूर्णपणे जायला १९६५ साल उजाडले. पेर्ता यांनी संमती दिली. १९०८ मध्ये मुलगी झाली, तिचे नाव जाकलिन. घरात तान्हे मूल आणि पुढे हॉस्पिटलची ड्युटी, हे गणित आमच्या मेडिकल कॉलेजमधल्या कितीतरी मैत्रिणींनी सोडवलेले मी पाहिले आहे. शंभर वर्षांपूर्वी ते किती कठीण असेल याचा अंदाजच करावा लागतो.

शिकताना त्यांना दोन वेगळ्या विभागांत काम करायला मिळाले. एक, चेहऱ्यावरच्या शस्त्रक्रियांत निष्णात असलेल्या डॉ. इपोलित मोरेस्तँ यांच्या हाताखाली. दुसरा, पॅरिसच्या सँ-लुई हॉस्पिटलच्या त्वचारोग विभागात. कातडी कशी असते, कशी ताणते, कशी भरून येते हे एकीकडे शिकायला मिळाले आणि व्रण दिसू नये म्हणून छेद कुठे घ्यायचा ते दुसरीकडे. पुढचे त्यांचे सगळे काम या दोन गोष्टींवर उभे आहे.

१९१२ च्या सुमारास प्रसिद्ध नटी सारा बर्नहार्ट अमेरिकेत चेहरा तरुण करून घेऊन आल्याची बातमी पॅरिसच्या वर्तमानपत्रांत गाजली. बर्नहार्ट तेव्हा साठीच्या पुढे होत्या. केसांच्या आतल्या भागात कातडीची पट्टी काढून वरचा चेहरा ओढून घेतला होता. कपाळ आणि डोळ्यांच्या कडा सुधारल्या, खालचा चेहरा तसाच राहिला. नोएल यांना त्यात कुतूहल वाटले. आरशासमोर उभे राहून त्या स्वतःच्या चेहऱ्याची कातडी चिमटीत धरून पाहू लागल्या. कुठे किती चिमटले तर काय बदलते, हा त्यांचा पहिला अभ्यास. आजही पापणीच्या शस्त्रक्रियेआधी सर्जन पेशंटला बसवून वरच्या पापणीची कातडी चिमट्यात धरून पाहतो, ती जवळजवळ तीच कृती आहे.

युद्ध

१९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले. खंदकातल्या लढाईत सैनिकाचे डोकेच वर असे, त्यामुळे तोफगोळ्यांच्या कपच्यांनी चेहरे फाटलेले हजारो जवान परत येऊ लागले. जबडा नाही, नाक नाही, पापणी नाही. पापणी नसेल तर डोळा मिटत नाही, बुबुळ कोरडे पडते आणि काही दिवसांत नजर जाऊ शकते. पॅरिसच्या व्हाल-द-ग्रास या लष्करी हॉस्पिटलमध्ये मोरेस्तँ अशा सैनिकांवर उपचार करत होते. नोएल यांनी चेहरा दुरुस्त करण्याचे तंत्र तिथे शिकून घेतले.

पापणी नव्याने घडवणे ही कल्पना मात्र युद्धाच्या पुष्कळ आधीची. ब्लेफॅरोप्लास्टी हा शब्द जर्मन सर्जन कार्ल फर्डिनांड फॉन ग्रेफे यांनी १८१८ मध्ये वापरला, तो कॅन्सरमुळे काढावी लागलेली पापणी पुन्हा बनवण्यासाठी. आज तोच शब्द जाहिरातींत सुंदर डोळ्यांसाठी दिसतो.

युद्धाने नोएल यांच्या घरातलेही माणूस नेले. पेर्ता यांचे १९१८ मध्ये निधन झाले. १९१९ मध्ये त्यांनी आंद्रे नोएल या डॉक्टरांशी दुसरे लग्न केले. १९२२ मध्ये जाकलिन फ्लूने गेली, अवघ्या चौदा वर्षांची. आंद्रे त्या धक्क्यातून सावरले नाहीत. ते खोल नैराश्यात गेले आणि १९२४ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. तेव्हा नैराश्यावर परिणामकारक औषधे नव्हती. आज आहेत, म्हणून हे वाचणाऱ्या कुणाच्या घरात मूल गेल्याच्या दुःखात कुणी महिनोन्‌महिने मिटून बसले असेल, तर कृपया त्यांना डॉक्टरांकडे घेऊन जा. थांबू नका.

सेहेचाळिसाव्या वर्षी नोएल एकट्या उरल्या. पुढच्याच वर्षी त्यांनी अडकलेली वैद्यकीय पदवी पूर्ण केली. युद्धाच्या काळात शिकाऊ डॉक्टरांना पदवीआधीच काम करायला परवानगी मिळाली होती, म्हणून ती राहून गेली होती.

पापण्या आणि पोट

१९२६ मध्ये त्यांचे पुस्तक आले. सौंदर्यशस्त्रक्रिया आणि तिचे सामाजिक कार्य हा त्याचा विषय, आणि तो शीर्षकातच सांगितलेला. शस्त्रक्रियेआधीचे आणि नंतरचे फोटो त्यात आहेत. पापण्यांवरची सैल कातडी आणि डोळ्यांखालच्या पिशव्या हाही त्यातला एक भाग आहे.

सामाजिक कार्य हा शब्द मला सुरुवातीला खटकला. कातडी कापण्यात कसले आले समाजकार्य? पण त्यांच्या पेशंट कोण होत्या ते पाहिले की कळते. युद्धात लाखो पुरुष मारले गेले होते आणि बायका पोटासाठी दुकानांत, कचेऱ्यांत, रंगमंचावर काम करत होत्या. चाळिशी-पन्नाशी ओलांडलेली, डोळ्यांखाली पिशव्या आलेली बाई थकलेली दिसते, म्हणून मालक तरुण मुलगी ठेवी. नोएल यांच्या मते या बायकांची मागणी नट्टापट्ट्याची नव्हती, नोकरी टिकवण्याची होती. त्या श्रीमंतांकडून फी घेत आणि ज्यांना परवडत नसे त्यांच्यावर बिनपैशांनी उपचार करत.

पॅरिसच्या मार्बफ रस्त्यावरच्या आपल्या घरातच त्या शस्त्रक्रिया करत. जागेपुरती भूल द्यायची, लहान छेद घ्यायचा, बारीक टाके घालायचे आणि पेशंटला त्याच दिवशी घरी पाठवायचे. केसांखाली किंवा टोपीखाली टाके झाकले जात. सुट्टी मिळणार नाही आणि घरच्यांना कळू द्यायचे नाही, अशा बायकांना हेच हवे होते. एका बैठकीत सगळे उरकण्यापेक्षा थोडे काढावे, थांबावे, गरज वाटली तर पुन्हा थोडे काढावे, ही त्यांची पद्धत होती.

ही सावधगिरी पापणीच्या बाबतीत सगळ्यात महत्त्वाची आहे. पापणीची कातडी शरीरात सर्वांत पातळ असते आणि तिचे काम डोळा झाकणे हे आहे. वरच्या पापणीतून जास्त कातडी गेली तर झोपेत डोळा अर्धवट उघडा राहतो, कोरडा पडतो, चुरचुरतो, बुबुळाला जखम होऊ शकते. खालच्या पापणीतून जास्त गेली तर तिची कड बाहेर वळते आणि डोळ्यातून सतत पाणी येते. राहिलेली कातडी नंतर काढता येते. काढलेली परत बसवणे फार अवघड. खालच्या पिशव्यांत तर दोष बहुतेकदा कातडीचा नसतोच, पुढे सरकलेल्या चरबीचा असतो. ती पापणीच्या आतल्या बाजूने, बाहेर व्रण न ठेवता काढण्याची पद्धत पॅरिसच्याच डॉ. बुर्गे यांनी १९२४ मध्ये मांडली आणि ती आजही वापरतात.

नोएल यांच्या दाराशी आलेल्या बाईला जे तपासून घेता येत नव्हते ते आज तुम्हाला येते, म्हणून थोडे विषयांतर करतो. पापणी जड दिसण्याची सगळी कारणे वयाची नसतात. पापणी उचलणारा स्नायू सैल पडला असेल तर कातडी काढून उपयोग नाही, त्याची शस्त्रक्रिया वेगळी. सकाळी ठीक आणि संध्याकाळी पापणी खाली, असे होत असेल तर मायस्थेनिया हा स्नायूंचा आजार असू शकतो. त्याला औषधे लागतात. डोळ्यांभोवती सूज असेल तर थायरॉइड आणि किडनीची तपासणी आधी करावी. आणि एका बाजूची पापणी अचानक पडली, सोबत डोके दुखते किंवा एकाचे दोन दिसतात, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. तो मेंदूतल्या रक्तवाहिनीचा धोका असू शकतो.

शस्त्रक्रिया ठरलीच तर डोळे कोरडे पडतात का, शुगर-बीपी किती आहे, रक्त पातळ करणारी कोणती गोळी चालू आहे, हे सर्जनला आठवणीने सांगा. गोळी मनाने बंद करू नका. हृदयात स्टेंट असेल तर अजिबात नाही. नंतर एक-दोन आठवडे सूज आणि काळे-निळे राहणे अपेक्षित असते. पण डोळ्यात वाढती तीव्र कळ, डोळा टणक होऊन पुढे येणे किंवा दिसणे कमी होणे, यांपैकी काहीही झाले तर रात्रीचे दोन वाजलेले असले तरी सर्जनला उठवा. डोळ्यामागे रक्त साचून दृष्टीची नस दाबली गेलेली असू शकते. हे क्वचित घडते, पण घडले तर हातात काही तासच असतात.

मत, क्लब आणि स्वतःचा डोळा

नोएल यांचे निम्मे आयुष्य दवाखान्याबाहेर गेले. फ्रान्समध्ये बायकांना मताचा हक्क नव्हता. मत नाही तर बायकांनी करही भरू नये, असे त्या उघडपणे सांगत. १९२४ मध्ये, नवरा गेला त्याच वर्षी, नोकरी-व्यवसाय करणाऱ्या स्त्रियांचा सोरॉप्टिमिस्ट क्लब त्यांनी पॅरिसमध्ये सुरू केला. पुढे युरोपभर फिरून त्यांनी ठिकठिकाणी असे क्लब काढले. त्या प्रवासात व्याख्याने देणे आणि शस्त्रक्रिया करून दाखवणे दोन्ही चाले. १९२८ मध्ये फ्रान्स सरकारने त्यांना लेजिअन ऑफ ऑनर हा सन्मान दिला. फ्रेंच बायकांना मताचा हक्क १९४४ मध्ये मिळाला, तेव्हा त्या सहासष्ट वर्षांच्या होत्या.

दुसऱ्यांचे डोळे सुधारणाऱ्या या बाईंना १९३६ मध्ये स्वतःच्या मोतीबिंदूचे ऑपरेशन करून घ्यावे लागले. त्या काळी डोळ्यात कृत्रिम भिंग बसवण्याची सोय नव्हती, जाड चष्म्यावर भागवावे लागे. त्यांची नजर पूर्वीसारखी राहिली नाही. बारीक टाक्यांवर जगणाऱ्या सर्जनला याचा अर्थ काय, ते सांगायला नको. त्यांनी काम कमी केले, सोडले मात्र नाही.

दुसरे महायुद्ध संपल्यावर नाझींच्या छळछावण्यांतून वाचलेली माणसे पॅरिसला परतली. उपासमार आणि मारहाण यांच्या खुणा चेहऱ्यावर घेऊन ती आली होती. सत्तरीकडे झुकलेल्या नोएल यांनी त्यांतल्या अनेकांवर उपचार केले. ११ नोव्हेंबर १९५४ रोजी पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले.

माझ्या त्या पेशंट बाईंची शस्त्रक्रिया नेत्ररोगतज्ज्ञांनी केली, फक्त वरच्या पापण्यांची. टाके सहाव्या दिवशी निघाले. कपाळदुखीसाठी त्या त्यानंतर आलेल्या नाहीत. शुगर तपासायला मात्र दर तीन महिन्यांनी येतात.